आठ नंबरची बाई कण्हत का नाही

अन्याय झाला तो माझ्या अक्कावर. वार मंगळवार, वेळ दुपारी सव्वाबारा ते एकला दहा कमी. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला चार वर्षं होत आली होती, त्या पावसाळ्याच्या शेवटी, हैदराबादच्या एका सरकारी दवाखान्यात, जनाना वॉर्डातल्या आठ नंबरच्या खाटेवर. त्या पस्तीस मिनिटांत अक्का पूर्ण जागी होती. सगळं ऐकत होती. पण तिला पापणी उचलता येत नव्हती, जीभ हलवता येत नव्हती, छाती भरून श्वास घेता येत नव्हता. आणि तिच्या उशाशी, स्टुलावर, मी बसले होते.

एवढं मला ठाम माहीत आहे. यापुढचं सांगताना माझा गोंधळ उडतो, तो मी लपवत नाही. पत्रकं लिहून माझा हात तयार झालेला. पत्रकात वर एक जुलूम, खाली एक जालीम आणि शेवटी तीन मागण्या, असं बसवलं की काम झालं. हे प्रकरण मी चारदा तसं बसवून पाहिलं. चारही वेळा जालीम बदलला.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा विषमज्वरानं गेला, तेव्हापासून ती नल्लकुंट्याला आमच्यात. मुलींच्या प्राथमिक शाळेत शिकवायची. धडा उर्दूत, रागावणं तेलुगूत आणि मधल्या सुट्टीतला लाड मराठीत, अशी तिची वाटणी. पोटात कळ आली की शाळेच्या कपाटाला धरून उभी राहायची आणि मुलींना म्हणायची, "पुढचं वाचा." पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन ठरलं.

भूल देणारे डॉक्टर मद्रासकडचे होते. फौजेबरोबर सिकंदराबादला आले आणि मग शहरातल्या दवाखान्यातच राहिले. लोक त्यांना क्लोरोफॉर्मवाले म्हणत, जरी ते क्लोरोफॉर्मच्या बाटलीला हात लावत नसत. त्यांच्याकडे नवं औषध होतं. ते काय करतं हे मला फार नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, म्हणजे तुमचा तरी गोंधळ होणार नाही.

पोट उघडायचं तर पोटाचे स्नायू सैल पडावे लागतात. ते ताठ राहिले तर सर्जनला आत हात घालता येत नाही. पूर्वी त्यासाठी ईथर इतकं द्यायचे की माणूस पार टोकाला जाऊन परत यायचा, आणि काही यायचे नाहीत. नव्या पद्धतीत झोपेचं औषध थोडंसंच देतात आणि स्नायू सैल पाडायला वेगळी सुई देतात. ते औषध मुळात बाणांना लावायचं विष, दूरच्या जंगलातलं. त्यानं हातपाय, मान, जीभ, सगळं ढिलं पडतं, छातीसुद्धा. मग डॉक्टर हातानं फुगा दाबून श्वास देत राहतात. ऑपरेशन संपलं की उतारा देतात. पण उताऱ्याचा जोर कधीकधी विषाच्या आधी ओसरतो. टेबलावर हात हलवणारा माणूस अर्ध्या तासानं पुन्हा ढिला पडू शकतो, आणि तोवर झोपेचं औषध उतरलेलं असतं. म्हणून दर पंधरा मिनिटांनी रोग्याला सांगायचं, उशीवरून डोकं उचल आणि पाच म्हणेपर्यंत धरून ठेव. डोकं टिकलं तर श्वासही टिकेल. पडलं तर लगेच काहीतरी करायचं.

हे सगळं डॉक्टरांनी ऑपरेशनच्या आधी आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, इंग्रजीत समजावलं होतं, व्हरांड्यात. अण्णा महसूल खात्यात तीस वर्षं नोकरी केलेले. त्यांना इंग्रजी कळत होतं. पण जनाना वॉर्डात पुरुषांना मज्जाव, म्हणून आत बसणार मी. अण्णा पडद्यापाशी येऊन मला म्हणाले, "डॉक्टर काही विचारतील. विचारतील त्याचं उत्तर दे, वाद घालू नकोस."

मी वाद घातला नाही. उत्तर दिलं.

त्या वॉर्डाची रीत अशी. दाराला जाड हिरवा पडदा. पुरुष डॉक्टरला आत यायचं तर आधी आया ओरडणार, "गोशा करो बीब्यो, डाक्टर साब आरईं!" मग सगळ्या बाया डोक्यावरून चादरी घेणार, ज्यांना हलता येत नाही त्यांच्यावर दुसऱ्या घालणार, आणि एवढं होईपर्यंत डॉक्टर बाहेर उभे. रोज पन्नास वेळा हे कोण करणार? म्हणून डॉक्टर पडद्याबाहेरून नंबर सांगत, आया खोलीच्या मध्यावरून तो पुकारे आणि खाटेजवळचं माणूस उत्तर देई. "तीन नंबर, दूध पिई क्या?" "हौ." "अकरा नंबर, पिशाब हुआ क्या?" "नै हुआ." दिवसभर हेच. रोगी बाईनं स्वतः उत्तर दिलं तर आया तिलाच दटावे, "तुम पडे रहो अम्मा, ताकत नक्को घालो."

आता माझं सांगते. अक्काला बारा वाजून गेल्यावर आणून खाटेवर घातलं. दोघी आयांनी तिला खांद्याला धरून वर सरकवलं, तेव्हा तिचं डोकं उशीवरून उचललं गेलं. मी ते पाहिलं. मग मी पिशवीतून नव्या पत्रकाची मुद्रितं काढली, तपासायला. अफझलगंजच्या छापखान्यातून सकाळीच आणली होती आणि चारपर्यंत परत द्यायची होती. शहरात तेव्हा 'गैरमुल्की गो बॅक'नं भिंती रंगलेल्या; मुल्की म्हणजे इथले, गैरमुल्की म्हणजे बाहेरचे. बाहेरून माणसं आणून इथल्या नोकऱ्या भरतात आणि इथली शिकलेली पोरं फिरतात, असं आमच्या गटाचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं, आजही मी ते खोटं म्हणणार नाही.

सव्वाबाराला पडद्याबाहेरून आवाज आला. आयानं पुकारलं, "आठ नंबर! सिर उठाई क्या?"

मी वर न बघता म्हणाले, "हौ."

साडेबाराला पुन्हा. मी पुन्हा, "हौ, उठाई."

सातव्या खाटेवरची म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, "कैसी सबरवाली है तुम्हारी बहन! चूं बी नै करी. मैं तो सारा दवाखाना सर पे उठा ली थी." मला अभिमान वाटला. खरंच वाटला. आमच्या घरच्या बायका कण्हत नाहीत.

एकला दहा कमी असताना पडद्याबाहेर क्लोरोफॉर्मवाल्यांचा आवाज चढला. मोडकं उर्दू, पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा पत्ता नाही. "आठ नंबर बाई, पेट काटा है. क्यों नहीं रोता?" आया म्हणाली, "सबर है साब." आणि हा माणूस कुणाला न सांगता, चादरींची वाट न बघता, पडदा सारून धावत आत आला.

काय किंकाळ्या उठल्या! म्हातारीनं चादर ओढता ओढता त्यांचे सात पिढ्यांचे बाप काढले. मी मध्ये उभी राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, "तुम्हाला लाज वाटत नाही का?" त्यांनी मला कोपरानं बाजूला ढकललं. अक्काची हनुवटी वर उचलली, पापणी उघडून पाहिली, तोंडावर मुखवटा धरून फुगा दाबायला लागले आणि नर्सला ओरडून दोन सुया मागवल्या. तेव्हा मी अक्काकडे पाहिलं. ओठ जांभळट. गळ्याच्या खळीत कातडी आत ओढली जात होती, पण छाती जवळजवळ हलत नव्हती. पहिली सुई दिली, थोडं थांबले, मग दुसरी अगदी हळू. मला तेव्हा काय वाटलं? हा माणूस माझ्या बहिणीला काहीतरी करतो आहे, एवढंच वाटलं. काही वेळानं अक्काच्या तोंडातून लाळ आली, डोळे उघडले आणि तिनं पहिला पूर्ण श्वास घेतला. मग ती कण्हली.

दोन दिवसांनी तिच्यात बोलायची ताकद आली. अण्णा पडद्याच्या बाहेर खुर्चीवर, मी आत, आणि ती छताकडे बघत सांगत होती.

"जाग आली तर आवाज येत होते. डोळे उघडायला गेले, उघडेनात. हात म्हटलं तर हात नाही. श्वास असा, की ओल्या फडक्यातून ओढावा. भुवईवर माशी बसली होती, फिरत होती. मला वाटलं मी मेले, आणि तुम्हाला अजून कळायचंय."

अण्णा बाहेरून म्हणाले, "स्वप्न असेल, बाळ. औषधाचं."

"माशी होती," अक्का म्हणाली.

मोठ्या डॉक्टरांनीही स्वप्नच म्हटलं. आया म्हणाली, असर झाला असेल कसला तरी, भुताखेताचा. फक्त मी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि लगेच घरी जाऊन लिहायला बसले. मथळा: 'मुल्की भगिनीवर विषप्रयोग!' बाहेरून आणलेला डॉक्टर, अण्णांच्या तोंडून नुसतं नाव ऐकलेलं बाणाचं विष, गोशा मोडून जनान्यात घुसणं, सगळं होतं त्यात. आमच्या गटाचा चिटणीस वाचून उडालाच. "वा! याला म्हणतात मसाला. उर्दूतही काढू." अक्काला मी दाखवलं नाही. तिला त्रास नको म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

पत्रक चांगलं चाललं. दवाखान्याच्या फाटकावर लोक जमले. चौकशी होईपर्यंत क्लोरोफॉर्मवाल्यांनी थिएटरात पाऊल ठेवायचं नाही, असा हुकूम निघाला. मी जिंकले होते.

तीन आठवड्यांनी अक्काचे डोळे पिवळे झाले. एक खडा नळीत राहून गेला होता. पुन्हा पोट उघडावं लागणार, आणि या वेळी खोल, वेळ लागणारं काम. सर्जन अण्णांना म्हणाले, "एवढ्या खोलात जुन्या पद्धतीनं ईथर देऊन करायला मी तयार नाही. पोट ढिलं हवं. ते करणारा एकच माणूस होता, तो तुम्हीच घरी बसवलात." अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आणि अक्का? ती म्हणाली, "मी पुन्हा झोपणार नाही. कोणीही येऊ दे. पिवळी होऊन मरेन, पण जिवंतपणी मेलेली पुन्हा व्हायचं नाही."

दिवसेंदिवस ती पिवळी होत गेली. अंग खाजवून खाजवून रक्त काढायची. शाळेतल्या मुली दारात येऊन उभ्या राहायच्या, ही आतूनच म्हणायची, "जा, वाचत बसा."

मी डॉक्टरांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते, खोटं का सांगू? म्हणजे माफी मागायला जाते आहे असं अण्णांना सांगून भांडायला. त्यांनी मला बसायला सांगितलं, मग वर सांगितलेलं सगळं औषधाचं समजावलं, आणि एक कागद पुढे ठेवला. अक्काचा तक्ता. त्यात बाराला टेबलावर: डोकं उचललं, पाच आकडे धरलं, स्वतः पाहिलं. सव्वाबाराला: डोकं उचललं, वॉर्डातून कळलं. साडेबाराला: तेच. आणि एकला दहा कमी: आवाज नाही, आत गेलो.

"वॉर्डातून कळलं म्हणजे कुणाकडून?" मी विचारलं.

"मला फक्त 'हौ' ऐकू आलं," ते म्हणाले. "बाईचा आवाज. तरुण."

मी कागदाकडे बघत बसले. त्यांनी मला ओळखलं होतं का? माहीत नाही. तसं काही दाखवलं नाही. मी म्हणाले, "पडद्यापलीकडचा 'हौ' तुम्ही खरा धरलात कसा?"  "ती माझी चूक," ते म्हणाले. "फौजेत मी स्वतः बघायचो. इथे आलो तर म्हणाले, इथली रीत अशी आहे, बाहेरच्या माणसानं ती मोडू नये. मला वाटलं, रीत मोडली तर तुम्ही लोक मला परत पाठवाल."

आता सांगा, जालीम कोण? आम्ही भिंती रंगवल्या म्हणून त्यांनी पडदा मोडला नाही, आणि मोडला म्हणून मी त्यांच्यावर पत्रक काढलं. मी परत येताना पायीच आले. रस्त्यानं दोन वेळा वाट चुकले, आमच्याच गल्लीपाशी.

अक्का अंगणात खाटेवर पडली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "त्या दिवशी आया डोकं उचललं का म्हणून ओरडली, ते तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"आणि 'हौ' कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. दोनदा." तिनं हात खाजवला. "पहिल्यांदा वाटलं, आता ही बघेल. मी मनातल्या मनात ओरडत होते, बघ गं, बघ. मग कागद उलटल्याचा आवाज आला."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तू बोलतच होतीस की, शहाणे. मधे शिरायला जागा कुठे होती?"

मी रडले, आणि तिला ते आवडलं नाही. "रडून काय करतेस? मला सांग, मी झोपू की नको?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. 'झोप' म्हणाले तर पुन्हा तिच्यासाठी 'हौ' म्हटल्यासारखं. 'नको' म्हणाले तर ती मरणार. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प बसले. मग तिनंच एकेक अट सांगितली, मास्तरणीच्या आवाजात, आणि मी लिहून घेतली. डॉक्टर तेच हवेत, ज्यांना ती शांत पडली याची भीती वाटली. त्यांनी पडद्याबाहेर थांबायचं नाही, दर वेळी आत यायचं. बाकीच्या बायांना तिनं स्वतः सांगायचं. कुणीही, आयानं, बहिणीनं, देवानं, तिच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. आणि तिला जे विचारायचं ते तिला, मराठीत.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या डॉक्टरांकडे गेले आणि लेखी दिलं: सव्वाबाराचा आणि साडेबाराचा 'हौ' माझा, मी न बघता म्हटलं. त्यावर क्लोरोफॉर्मवाल्यांना पुन्हा थिएटरात जायची परवानगी मिळाली. चिटणीसाला कळलं तेव्हा तो सायकल टाकून घरी आला. "वेडी झालीस का? आत्ता? चळवळ ऐन भरात असताना? खरं काय ते महिन्यानं सांगू." मी म्हणाले, "महिन्यानं माझी बहीण नसेल." तो म्हणाला, "एका बहिणीसाठी—" आणि वाक्य अर्धं टाकून सायकल उचलून गेला. त्यानंतर मला पत्रकं लिहायला कुणी बोलावलं नाही. बाहेरून माणसं आणून भरण्याविरुद्ध मी आजही आहे. आता तर भाषेवार राज्याचे तीन तुकडे करायचं चाललंय. उद्या मराठी बोलणारी मीच इथे बाहेरची ठरेन की काय, कोण जाणे. तेही मला नीट कळत नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अक्कानं वॉर्डभर फिरून बायांना सांगितलं. पिवळी, काठी टेकत. "कल एक मर्द बार बार आते. उन्हो नै आए तो मैं मर जाती. तुम लोगां चादर ओढके पडे रहो." एक बाई म्हणाली, "दिन भर चादर में दम घुटता ना." अक्का म्हणाली, "घुटता. मेरेकू पूछो."

तिला थिएटरातून आणलं तेव्हा डॉक्टर बरोबरच आत आले आणि खाटेशेजारी उभे राहिले. मी त्यांना शिकवलेलं मराठी ते चुकतमाकत म्हणाले, "डोकं उचला." अक्काच्या मानेच्या शिरा ताणल्या. डोकं उशीवरून बोटभर वर आलं. मी मोजत होते. तीनला पडलं.

माझ्या तोंडात शब्द आला होता. उचललं ना, उचललं की, बोटभर तर बोटभर. मी ओठ दाताखाली धरले.

डॉक्टरांनी तिचं मनगट धरून घड्याळ बघितलं, उताऱ्याची आणखी थोडी सुई दिली, मुखवटा हाताशी ठेवून थांबले. तिची छाती बघत थांबले, जरा वेळानं पुन्हा म्हणाले. चार. पुन्हा काही वेळानं. पाच, आणि पाचनंतरही तिनं डोकं खाली टेकवलं नाही, हट्टानं, सहा, सात, डोळे उघडे, माझ्याकडे. मग ती पडली आणि कण्हायला लागली, मोठ्यानं, लाज सोडून. सातव्या खाटेवर आता दुसरीच कुणी होती. ती म्हणाली, "आई गं, कित्ती ओरडते ही."

त्या दिवशी दुपारभर ते असे सहा वेळा आले. पुढे त्यांची कुठेतरी बदली झाली. मंगळवारच्या त्या पस्तीस मिनिटांचा दोष कुणाच्या नावावर टाकायचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. औषध, पडदा, रीत, डॉक्टर, आया, अण्णा, मी: प्रत्येकाकडे थोडं थोडं जातं आणि कुणाकडेच पुरं बसत नाही. दोष ठरला नाही तरी पुढचं सांगता येतं, म्हणून सांगते.

तुमचं माणूस भूल उतरून खाटेवर येईल तेव्हा हातातलं काम खाली ठेवा. कुणी विचारलं तर त्याच्या वतीनं 'हो' म्हणू नका. त्याला डोकं उचलायला सांगा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पाच मोजा. पाचच्या आत पडलं तर डॉक्टरला हाताला धरून आत आणा, मध्ये कसलाही पडदा असो. आणि ते शांत पडलं असेल तर त्याचं कौतुक करत बसू नका, उठा.